गुरुवारचं ड्रेसिंग

“त्यांच्यातला म्होरक्या कोण, एवढंच सांगा.”

जमालबाबांनी दुखरा पाय लांब केला.

हेमंत गलगले समोरच्या चटईवर अवघडून बसले होते. दीड वर्षापूर्वी ते पुण्याहून या गावच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात मुख्य अधिकारी म्हणून आले. हॉस्पिटलच्या मागे टेकडी, टेकडीवर दर्गा, आणि दर्ग्याच्या ओसरीवर हे म्हातारे फकीर. फकिरी घेण्याआधी बाबांनी त्याच हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये वॉर्डबॉय म्हणून चाळीस वर्षं काढली होती. डॉक्टर मंडळी त्यांच्यापाशी मन मोकळं करतात, असं गलगल्यांच्या कानावर आलं होतं.

“सोमवारी अकरा डॉक्टर एकदम राजीनामे देणार आहेत,” गलगले म्हणाले. “तीस किलोमीटरात दुसरं हॉस्पिटल नाही. मला त्याआधी नाव हवंय.”

“नाव कळलं की काय कराल?”

“त्या एकाला काढलं की बाकीचे गप्प बसतील.”

“संशय कुणावर?”

“डॉ. वैजयंती आवटी. सर्जरीच्या प्रमुख.” गलगल्यांनी मांडीवरच्या फाईलवर हात ठेवला. “वर्षभराच्या नोंदी आहेत यात. कोण कुणाशी बोललं, मी आल्यावर कोण गप्प झालं...”

“त्यांना विचारलंत?”

“विचारलं तर सावध होतील.”

“आणि तुम्ही येऊन गेलात, हे मीच त्यांना सांगितलं तर?”

गलगल्यांनी फाईल जवळ ओढली. हा विचार त्यांच्या मनात चढण चढतानाच येऊन गेला होता.

तेवढ्यात पायऱ्यांवर चपला वाजल्या. हातात औषधांची पिशवी घेऊन डॉ. आवटी वर आल्या. गलगल्यांना पाहून त्या शेवटच्या पायरीवरच थांबल्या.

“तुम्ही इथे?”

“तुम्ही इथे कशा?” गलगले म्हणाले. मग बाबांकडे वळून, आवाज खाली आणून, “तुम्ही बोलावलंत यांना?”

“दर गुरुवारी येतात. माझं ड्रेसिंग करायला.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“तुम्ही विचारलं नाही.”

डॉक्टरबाईंचाही चेहरा ताठरला होता. “बाबा, मी नंतर येते.”

“जखम नंतरची वाट बघत नाही,” बाबा म्हणाले आणि त्यांनी लुंगीची कड वर घेतली. साखरेच्या आजारानं पोटरीला पडलेली जखम, हाताच्या तळव्याएवढी. “साहेब, टाच धरा. पाय अधांतरी राहिला पाहिजे.”

गलगल्यांना नाही म्हणता येईना. त्यांनी दोन्ही तळहातांवर टाच घेतली. डॉ. आवटींनी जुनं गॉज भिजवलं आणि हळूहळू सोडवायला घेतलं.



मग बाबांनी हात लांब करून फाईल घेतली, या महिन्याचं वरचं पान उघडलं आणि गलगल्यांसमोर धरली.

“वाचा.”

“हे खासगी आहे.”

“यांच्याबद्दलच आहे ना? मग वाचा. मोठ्यानं.”

 हात अडकलेले, फाईल डोळ्यांसमोर. शेवटी ते वाचू लागले. “बारा तारीख. ट्रस्टी पाहणीला येणार त्याच दिवशी डॉ. आवटींनी चार ऑपरेशनं मुद्दाम रद्द केली.”

डॉक्टरबाईंचा चिमटा थांबला.

“अवजारं निर्जंतुक करायच्या मशीनमध्ये दाब टिकत नव्हता,” त्या म्हणाल्या. “तसल्या अवजारांनी मी कुणाचं पोट उघडायचं होतं? मी तुम्हाला पत्र दिलं होतं. आठ तारखेला.”

“मिळालं होतं.”

“वाचलंत?”

“वाचलं... खरं वाटलं नाही. ट्रस्टी येणार म्हणून दबाव आणताय, असं वाटलं.”

डॉ. आवटी खाली मान घालून जखम पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “आम्हाला वाटलं, तुम्ही मुद्दामच दुरुस्ती करत नाही. सर्जरी बंद पाडून विभाग बाहेरच्या कुणाला द्यायचा आहे म्हणून.”

“कुणी सांगितलं तुम्हाला हे?”

“कुणी नाही. आमचं आम्हीच ठरवलं.”

 वर्षभर गलगल्यांनी हजेरी लावल्यासारखं रोज लिहिलं होतं, आणि पहिलीच नोंद अशी निघाली होती. त्यांनी टाचेखालचा एक हात काढून फाईल ओढली.

“फाडून टाकतो. आजपासून माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे, डॉक्टर.”

“फाडू नका,” बाबा म्हणाले.

“का? तुम्हाला हेच हवं होतं ना?”

“थिएटरमध्ये पोट शिवायच्या आधी सिस्टर गॉजचे तुकडे मोजते. सर्जन कितीही मोठा असो, त्याच्या तोंडावर मोजते, मोठ्यानं. एक कमी भरला तर तो पोटात राहिला असेल म्हणून सुई थांबते. चाळीस वर्षांत एकही सर्जन त्यावर रागावलेला मी बघितला नाही.” बाबांनी फाईल परत घेऊन उघडली. “माझ्यावर विश्वास ठेवा, मोजू नका, असं म्हणणारा एकच आला होता. त्याच्याकडे आम्ही आमच्या घरचं माणूस नेत नव्हतो.”

गलगल्यांनी उघड्या पानाकडे पाहिलं. मग हात पुन्हा टाचेखाली घालून त्यांनी दुसरी नोंद वाचली. तिसरी वाचली. काही नोंदींना उत्तर मिळालं. एका नोंदीवर डॉ. आवटी म्हणाल्या, “हे मात्र खरं आहे. तिथे माझं चुकलं.” तेव्हा गलगल्यांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा अंदाज खरा ठरूनही त्यांना बरं वाटलं नाही.

“आता मी विचारू?” डॉ. आवटी म्हणाल्या. “आमच्या विश्रांतीच्या खोलीत कॅमेरा लावलात. त्यात आवाज येतो?”

“नाही.”

“नक्की?”

“नक्की... चित्र येतं. तेही यायला नको होतं.”

डॉक्टरबाईंनी हे खरं मानलं की नाही, ते चेहऱ्यावरून कळेना. त्यांनी नवं गॉज ठेवलं आणि पट्टीचा पहिला वेढा घेतला.

“राजीनामे माझ्याकडेच आहेत,” त्या म्हणाल्या. “अकराही. सोमवारी आधी खाली येऊन मशीन बघा. पत्र नको, समिती नको. तुम्ही स्वतः या. मग बाकीच्यांशी बोलते. राजीनामे देईन की नाही, ते आज सांगत नाही.”

“येतो.”

“बघू.”

गलगल्यांनी बाबांकडे पाहिलं. दीड वर्षाचं ओझं एका दुपारी उतरावं, असं त्यांना वाटत होतं.

“बाबा, यांना माझं खरं वाटेल ना आता? आणि मला यांचं?”

बोलता बोलता त्यांच्या हातांची पकड सैल झाली. पट्टी अर्ध्यावर होती.

बाबा म्हणाले, “टाच सोडू नका. बांधून व्हायचंय अजून.”