सुईणीची खोटी बहीण

घड्याळं नव्हती, माणसं अंगणातली सावली पाहून वेळ सांगत, त्या काळातली ही गोष्ट. एका राज्यात, नदीच्या वळणावरच्या गावात एक सुईण राहत होती. तिच्या हाताला यश होतं. निम्मं गाव तिच्याच हातांवर जन्मलं होतं. वाटेत भेटली की माणसं तिला वाकून नमस्कार करायची.

एकदा तिची कंबर धरली. कुणीतरी मोहरीएवढी अफू दिली. पुढे दुखणं गेलं, अफू राहिली. मोहरीची तूर झाली, तुरीचा हरभरा झाला. दिवसातून तीनदा हरभऱ्याएवढी गोळी पोटात गेल्याशिवाय तिचे हात स्थिर राहीनात. गावाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

मग एका भर दुपारी ती बाळंतपणाला गेली. मूल सुखरूप आलं. सुईण भिंतीला टेकून बसली आणि अफूच्या गुंगीत तिचा डोळा लागला. बाळंतिणीच्या अंगावरून रक्त वाहू लागलं, ते तिला कळलंच नाही. बाळंतिणीच्या सासूने किंकाळी फोडली तेव्हा ती धडपडत उठली. बाळंतीण कशीबशी वाचली, पण सहा महिने अंथरुणाला खिळली.

"असं झालं तरी कसं?" बाळंतिणीच्या नवऱ्याने विचारलं.

सुईणीच्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या आईने तिला फार लवकर उठवून बसवलं."

"मी हातसुद्धा लावला नाही तिला!" सासू म्हणाली. पण गावाने सुईणीचा शब्द खरा मानला. सुनेने सासूशी बोलणं टाकलं. पाणवठ्यावर बायका सासूला पाहून कुजबुजू लागल्या. सुईणीला मात्र लोक वाकून नमस्कार करतच राहिले, आणि तो एकेक नमस्कार तिला चटक्यासारखा लागू लागला.

त्याच साली राजाने दवंडी पिटवली. "ज्याला व्यसन लागलंय त्याने घाबरू नये. घर सोडता येत असेल त्याने डोंगरावरच्या आश्रमात तीन महिने राहावं. घर सुटत नसेल त्याने बाजारगावच्या वैद्याकडे जाऊन रोजची मात्रा हळूहळू कमी करून घ्यावी. सुटल्यावर पुन्हा ओढ लागली, तर देवळाच्या ओवरीत सुटलेली माणसं जमतात, त्यांच्यात जाऊन बसावं. कुणालाही शिक्षा होणार नाही."

चार दिवसांनी सुईण तोंडावर पदर ओढून बाजारगावी गेली.

"बहिणीसाठी आलेय," ती वैद्याला म्हणाली. "तिला अफूची सवय आहे."

"दिवसाला किती घेते?"

"एकच गोळी."

वैद्याने एका गोळीच्या मानाने औषध दिलं. तिसऱ्या दिवशी तिचं अंग मोडून आलं, नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि तिचा हात पुन्हा अफूच्या डबीकडे गेला.

मग ती आश्रमात गेली. तिथे खोटं नाव सांगितलं. आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी गावचा कुंभार मडकी घेऊन पायऱ्या चढताना दिसला, तशी ती मागच्या दाराने पळाली आणि घरी येऊन पुन्हा अफू खाऊ लागली.

ती पुन्हा वैद्यापुढे आली. "बहिणीला गुण नाही आला."

वैद्याने तिच्या थरथरत्या हातांकडे पाहिलं. "बाई, राजाने उपाय पुष्कळ काढलेत. पण जी बहीण जन्मलीच नाही, तिला मी कशी बरी करू?"

सुईणीची मान खाली गेली. "मीच ती. रोज तीन गोळ्या. चार वर्षं झाली."

"आणखी काय लपवलंयस?"

तिने त्या दुपारची हकिकत सांगितली. वैद्य म्हणाला, "त्यावर माझ्याकडे औषध नाही. ते तिथेच जाऊन सांगावं लागेल."

सुईण त्या घरी गेली. सासू ओसरीवर धान्य पाखडत होती, शेजारणी बसल्या होत्या. सगळ्यांसमोर सुईण म्हणाली, "तुमची काही चूक नव्हती. मी अफू खाऊन झोपले होते. तुमच्यावर आळ मी घातला."

सासूच्या हातातलं सूप थांबलं. "माझी सून माझ्या हातचं पाणी पीत नाही. आता का सांगतेस?"

"सांगितल्याशिवाय मला बरं होता येणार नाही."

"म्हणजे हेही तुझ्यासाठीच," सासू म्हणाली आणि तिने पाठ फिरवली.

तेवढ्यात भिंतीला धरून सून बाहेर आली, आणि सासूच्या हातातलं सूप घेऊन तिच्याजवळ बसली. सुईण पायरी उतरून निघाली. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

गावाने तिला पुन्हा कधी बाळंतपणाला बोलावलं नाही. नमस्कारही थांबले. ती रोज तोंडावर पदर न घेता बाजारगावी वैद्याकडे जाऊ लागली. लोक काय काय बोलत, ते ऐकत जाई आणि ऐकत येई. वर्षभराने अफू सुटली. ओढ लागेल तेव्हा ती ओवरीत जाऊन बसे.

एका सकाळी वेशीपाशी गावचा लोहार तिची वाट पाहत उभा होता. त्याची नजर जमिनीवर होती.

"तिथे दारूवरही औषध देतात का हो?"

"देतात."

"मला देतील?"

"देतील. किती पितोस ते विचारतील," सुईण म्हणाली. "खरं सांग." आणि ती दोघं एकाच वाटेने चालू लागली.

तात्पर्य: लाजेपोटी लपवलेल्या दुखण्याला राज्यभरची औषधं मिळाली, तरी गुण येत नाही.