उलटे आटे

"...पण माई, आजच हे उघडायची काय गरज होती?"

गिरजामाईंनी हातोडी उचलली.

मठाच्या ओसरीसमोर सायकल उलटी ठेवलेली होती. सीट आणि हँडल मातीत, चाकं आभाळाकडे. माई उकिडव्या बसल्या होत्या. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेला, हातात हातोडी. पायडलच्या दांड्याखाली त्यांनी लाकडाचा ओंडका सरकवला आणि दांडा आसाला जखडणाऱ्या खिळीवर, कॉटरवर, नेमका घाव घातला.

कॉटर निघाला नाही.

"महिनाभर कुरकुरते आहे," विश्राम म्हणाला. "अजून एक दिवस कुरकुरली असती."

दुसरा घाव. कॉटर टणकन उडून मातीत पडला.

विश्राम हा माईंचा शिष्य. मठाचा व्यवहार तोच बघायचा. गावात कुणाशी काय बोलावं, कुणापुढे किती वाकावं, हे आपल्याइतकं कुणाला कळत नाही, असं त्याला वाटे. ते बरंचसं खरंही होतं.

त्या सकाळी मठात दोन निरोप आले होते.

एक मेंढपाळाने आणला. डोंगरावरच्या वस्तीत हैबती वारला. घरात खांदा द्यायला तिघंच आहेत. उन्हं कलायच्या आत उचलणार आहेत.

दुसरा, गावावर ज्यांची हुकमत चाले त्या आबासाहेबांकडून. तो विश्रामच्या एकट्याच्या कानात सांगितला गेला होता. मठाने तिकडे जाऊ नये.

हैबतीने गायरानाच्या चौकशीत तालुक्याच्या साहेबापुढे खरं सांगितलं होतं. कुंपण कुणी पुढे सरकवलं, ते नाव घेऊन सांगितलं होतं. तेव्हापासून त्याचं घर वाळीत होतं. गिरणीत दळण नाही, दुकानात मीठ नाही, कुणाचा रामराम नाही.

दुसऱ्या बाजूचाही कॉटर काढून माईंनी डावीकडची छर्ऱ्यांची वाटी फिरवून काढली. आतला आस बाहेर ओढला. त्याच्याबरोबर छर्रे फडक्यावर सांडले. काही गोल होते. बाकीच्यांचा चुरा झाला होता.

"बघा," विश्राम म्हणाला. "ही सायकल काही डोंगर चढत नाही. आणि खरं सांगू... बरंच झालं."

"काय बरं झालं?"

"सायकल मोडली, म्हणून माई आल्या नाहीत. गावालाही पटेल आणि कौसाबाईलाही. कुणाचं मन दुखत नाही."

कौसा ही हैबतीची बायको.

माईंनी आस उजेडात धरला. छर्रे जिथे फिरायचे, तिथे खड्डे पडले होते. त्यांनी बोट फिरवलं, मान हलवली आणि उठून ओसरीवरच्या कोनाड्यापाशी गेल्या.

कोनाडा रिकामा होता.

गेल्या बाजारी विश्रामनेच तालुक्याहून नवा आस, नव्या वाट्या आणि छर्रे आणले होते. पुडी तिथेच ठेवलेली होती. सकाळपर्यंत होती.

माईंनी कोनाड्याकडे पाहिलं. मग विश्रामकडे पाहिलं.

विश्रामने नजर चुकवली नाही. "हो," तो म्हणाला. "मी ठेवलीय. देणार नाही."

...

माई परत येऊन बसल्या. त्यांनी झिजलेला आस उचलला, रॉकेलमध्ये बुडवला आणि फडक्याने पुसू लागल्या.

"हे काय करताय?"

"पुसतेय."

"तोच परत घालणार?"

"दुसरा कुठाय?"

"माई, तो चढाला तुटेल."

"तुटेल."

"मग?"

"मग चालेन."

"चालत जाईपर्यंत दिवस मावळेल."

"हं."

"तोवर ते थांबणार आहेत का?"

"नसतील थांबले, तर कौसाजवळ बसेन."

माईंनी आसाला ग्रीस फासलं. चुरा झालेले छर्रे बाजूला केले आणि उरलेले एकेक करून वाटीत बसवू लागल्या. जागा भरत नव्हती. तरी बसवत राहिल्या.

विश्रामने ते बराच वेळ पाहिलं. मग कमरेची पुडी काढून फडक्यावर टाकली.

"घ्या. पण मी येणार नाही."

"तुला कुणी बोलावलंय?"

त्याचा चेहरा लाल झाला. पण तो गेला नाही. खाली बसला, पाना उचलला.

"सरका. चेनच्या बाजूची वाटी तुमच्याने निघायची नाही."

त्याने पाना अडकवला आणि जोर लावला. वाटी हलली नाही. त्याने पाय रोवले, दात आवळले. पाना निसटला, त्याची बोटं दांड्यावर आपटली आणि सोलवटली.

"गंजलीय," तो म्हणाला.

पुन्हा पाना. पुन्हा जोर. कपाळावरचा घाम नाकावरून टपकला.

"मी सगळं सोडवायला बघतो, माई. तुम्हाला दिसत नाही. इकडे आबासाहेबांना सांभाळायचं, तिकडे वस्तीलाही तोडायचं नाही. चार दिवस सगळ्यांनी गप्प राहायचं. आपोआप सुटतं."

"विश्राम."

"काय?"

"तू आवळतोयस."

तो थांबला. "सोडतोय मी."

"त्या बाजूला उलटे आटे असतात."

विश्राम पान्याकडे बघत राहिला...

मग त्याने पाना उलट्या बाजूने धरला. एक हिसका. वाटी करकरली आणि फिरली.

नव्या वाट्या बसल्या. ग्रीसमध्ये छर्रे ओळीने चिकटले. आस आत गेला. माईंनी डावी वाटी आवळली, पायडल फिरवून पाहिलं, किंचित सैल केली, पुन्हा फिरवलं. आवाज आला नाही. विश्रामने कॉटर ठोकून बसवले.

सायकल सरळ केली. माईंनी हात मातीने चोळले, लुगड्याला पुसले आणि हँडल धरलं.

फाटकात विश्राम पुढच्या चाकासमोर जाऊन उभा राहिला.

"माई, शेवटचं सांगतो. तिकडची वाट आपल्याला बंद आहे."

"बंद आहे?"

"बंद आहे."

"मग तू आडवा कशाला उभा आहेस?"

विश्राम बाजूला झाला.

माईंनी दांडीवरून पाय टाकला. सत्तरीची बाई, पण सायकलीवर बसली की पाठ ताठ. धूळ उडाली आणि त्या वळणापलीकडे गेल्या.

विश्राम फाटकाशी उभा राहिला. नंतर त्याने खिळ्याला टांगलेली हातोडी घेतली आणि पळत सुटला.

चढावर माई उतरून सायकल ढकलत होत्या. तो धापा टाकत मागून आला आणि हँडल आपल्या हातात घेतलं.

"तू येणार नव्हतास," माई म्हणाल्या.

"काम नवीन आहे. पहिल्या फेरीत कॉटर सैल होतात."

"हं."

ते पोचले तेव्हा अंगणात तिरडी बांधून तयार होती. हैबतीचा मुलगा, मेहुणा आणि परगावाहून आलेला जावई, तिघे एकेका कोपऱ्याशी एकमेकांकडे बघत उभे होते. मागच्या चौथ्या कोपऱ्याला माणूस नव्हता; तो दगडावर टेकवला होता. कौसा उंबऱ्यात बसली होती. रडत नव्हती. माईंना पाहून तिने पदर डोक्यावर ओढला आणि मग तिला रडू फुटलं.

माई तिच्याजवळ क्षणभर टेकल्या. पाठीवरून हात फिरवला. मग सरळ तिरडीपाशी गेल्या, वाकल्या आणि दगडावरचा कोपरा खांद्यावर घेतला.

"माई!" विश्राम पुढे झाला. "बाईमाणूस खांदा देत नाही. मला द्या."

"जावयाचा पाय लंगडतोय. त्याचा घे."

"पण तुम्ही..."

"चल, उन्हं कलतायत."

मुलाने आपला कोपरा सोडून अग्नीचं मडकं उचललं. मेहुणा, विश्राम आणि माई. पुढचा एक कोपरा रिकामा राहिला, तेव्हा उंबऱ्यातून कौसा उठली. कुणाला न विचारता तिने तो खांद्यावर घेतला.

तिला कुणी अडवलं नाही.

परतीच्या वाटेवर, गावाच्या वेशीत, आबासाहेब चार माणसं घेऊन उभे होते.

"माई, तुम्ही मोठ्या आहात म्हणून स्वतः सांगायला आलो," ते म्हणाले. "उद्यापासून मठात कुणाचा शिधा येणार नाही. दळण मिळणार नाही. तुमच्याशी कुणी बोलणार नाही."

"उद्यापासून ना?"

"उद्यापासून."

"मग आज बोलून घे. हैबती खोटं बोलला होता का?"

आबासाहेबांची माणसं जमिनीकडे बघू लागली. आबासाहेब वळून चालू लागले.

"मी सांगतो," विश्राम एकदम म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "नाही बोलला. कुंपण तुम्ही सरकवलंत. मलाही माहीत होतं."

चालती पाठ क्षणभर थबकली. मग पुढे गेली.

मठात आल्यावर विश्रामने सायकल भिंतीला टेकवली. कॉटर ठोकून पाहिले. एक खरंच सैल झाला होता. तो आवळून विश्राम पायरीवर बसला. हात काळे, बोटं सोललेली, खांद्यावर बांबूचा वळ.

माई रांजणापाशी पाय धूत होत्या.

"माई..."

"बोल."

"आता आपणही वाळीत."

माईंनी तांब्या पालथा घातला.

"बरं झालं. इतके दिवस कौसाचं एकच घर होतं. आता दोन झाली."