एक बैल कुठं गेला?

“एवढं सगळं बघितलंस, तर बाई, बसलीस कुठं कुठं?”

सेवादासबाबांनी हे विचारलं तेव्हा संग्रहालयाच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मला पक्कं आठवतं, कारण बारापर्यंत तीन दालनं उरकायची होती.

बाबा मूळचे जालंधरचे. तरुणपणी आमच्या रिद्धपुरात राहून महानुभावांची पोथी शिकले, म्हणून मराठी बोलतात. दिल्लीत आमच्या क्वार्टरमागंच त्यांचा आश्रम. चाळीस वर्षं राहून त्यांनी एकही संग्रहालय बघितलं नव्हतं. मीच त्यांना हट्टानं घेऊन आले.

“बसायला वेळ कुठाय बाबा? ह्यांची इथली बदली संपली. चार दिवसांनी गाडी आहे.”

मी वही पुढं केली. दोन वर्षांत एकेचाळीस ठिकाणं. किल्ले, मकबरे, संग्रहालयं... सगळं माझ्या हातानं लिहिलेलं. माझी शाळा सातवीत सुटली. चारचौघांत कुणी काही विचारलं की माझी मान खाली जाते. माझ्या लेकीची, गुंजनची जाऊ द्यायची नाही, हे मी ठरवलंच होतं.

“विचारा तिला काहीही. सगळं तोंडपाठ आहे.”

बाबांनी काही विचारलं नाही. म्हणाले, “तीच काही विचारते का?”

मी वही मिटली. महिना झाला, पोरगी काही विचारतच नव्हती. आठ वर्षांची पोर... सांगितलं की म्हणून दाखवायची, बास. रात्री मला त्याचीच धास्ती वाटायची. पण ते कशाला बोलून दाखवायचं?

“शहाणी झालीय आता,” मी म्हटलं अन् वळून बघितलं.

गुंजन शेजारी नव्हती.

या दालनातून त्या दालनात पळाले. बाबा काठी टेकत मागं.

सापडली. एका काचेच्या पेटीपुढं फरशीवर मांडी घालून बसली होती. पेटीत मातीची बैलगाडी, जेमतेम वीतभर. हजारो वर्षांपूर्वीचं खेळणं, असं पाटीवर लिहिलेलं.

“ऊठ आधी! फरशीवर बसतात का? लोक गावंढळ म्हणतील!”

ती हलली नाही.

“आई, ह्याचा एक बैल कुठं गेला?”

मी घाईनं वही उघडली. पानं उलटली...

“वहीत नाही ते,” गुंजन म्हणाली.

“मग सोड. चल, वेळ होतोय.”

मी तिला दंडाला धरून उठवलं. तेवढ्यात बाबा खाली वाकले. खांद्यावरच्या उपरण्यानं ती बसली होती तेवढीच फरशी पुसायला लागले. हळूहळू, कोपऱ्यापासून. आमच्याकडं देवळात स्वामींचा ओटा पुसतात तशी.

पहारेकरी धावत आला. “बाबाजी, कुछ गिर गया क्या?”

“हां भाई. बैल.”

तो पेटीखाली वाकून बघायला लागला. गुंजन खुदकन हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बाबा, लोक बघताहेत. उठा ना.”

“तू रिद्धपुरची ना, बाई?”

“हो.”

“स्वामी किती गावं हिंडले. मग ओटा कुठं बांधला आपल्या लोकांनी?”

“जिथं स्वामी बसले तिथं.”

“आणि जे नुसतं बघून पुढं गेले...?”

मला उत्तर आलं नाही. मान मात्र खाली गेली नाही.

बाबांनी उपरणं झटकलं. मी गुंजनचा दंड सोडला. वही पिशवीत टाकली अन् पदर आवरून फरशीवर बसले. गुंजन लगेच मांडीला मांडी लावून बसली.

“आई, ही गाडी ज्याची, त्या पोरानं बैल शेजारच्याला खेळायला दिला असंल का गं?”

“का देईल?”

“त्याचं गाव सुटणार असंल...”

बारा वाजले. दालनं राहिली. निघताना मी बाबांना दंडवत केला.

“गावी गेल्यावर लोकांना काय सांगू, बाबा? दिल्लीत काय बघण्यासारखं आहे म्हणून विचारतील.”

बाबांनी काठीनं पेटीकडं दाखवलं.

“इकडं निघालेलं कुणी भेटलं, तर एवढा निरोप दे. एक बैल हरवलाय म्हणावं. शोधायला या.”