सुरूच्या झाडाखालची कळी

राजा यशोधर सकाळपासून उभा होता, आणि राजा उभा म्हणून सगळा दरबारही उभा होता!

सिंहासनापुढे दोन गालिचे अंथरले होते. एक राजाच्या आजोबांनी इराणहून आणवलेला, जुना, अस्सल. दुसरा त्याची नक्कल. जुना गालिचा रोजच्या वापरात झिजू नये म्हणून राजानेच ती लांबच्या विणकरांकडून करून घेतली होती. तेच सुरूचं झाड, तीच फुलं, तोच उडालेला रंग! ऊन देऊन परत आणताना कासिम फरासाकडून दोन्हींची सरमिसळ झाली. गालिचे अंथरण्यात त्याचा जन्म गेला होता, पण आता नजर अधू झाली होती.

"आजोबांचा गालिचा कुठला ते कळल्याखेरीज मी सिंहासनावर बसणार नाही!" राजाने जाहीर केलं. "आणि दिवस मावळेपर्यंत कळलं नाही, तर कासिमने राज्य सोडून जावं!"

पेठेतल्या गालिच्यांच्या व्यापाऱ्याला, हिराशेठला, बोलावणं गेलं. त्याने पायताण बाहेर काढलं, दोन्ही गालिच्यांवर हात फिरवला, कडेच्या दशा पाहिल्या आणि मान हलवली.

"महाराज, गालिचा तोंडाने कितीही खोटं बोलेल, पण त्याची पाठ खोटं बोलत नाही. सगळ्या गाठी तिथे उघड्या असतात. एकदा उलटा करून पाहू द्या."

"उलटा?" राजा कडाडला. "आमच्या घराण्यात गादीपुढचा गालिचा उलटा करत नाहीत. गालिचा उलटला, तर राज्य उलटतं!"

"मग नुसता कोपरा दुमडतो."

"एक कोपरा म्हणजे एक परगणा! हात काढा!"

हिराशेठने हात काढला. म्हातारे दिवाणजी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत हळूच म्हणाले, "महाराज, निदान आम्हाला तरी..."

"राजा उभा असताना दिवाण बसणार?"

"छे छे! मी फक्त गुडघ्याची चौकशी करत होतो."

इतक्यात दारात गडबड झाली. कासिमची मुलगी झुलेखा पहारेकऱ्याच्या हाताखालून आत शिरली आणि मुजरा करून उभी राहिली.

"सरकार, अस्सल गालिचा मी ओळखून देते. उलटा न करता!"

"तू? शेठजींना जमलं नाही ते?"

"शेठजी गालिचे विकतात सरकार. आमच्या घरी ते झाडतात, वाळवतात, शिवतात. एक विचारू? दरबार उठला की अब्बा या गालिच्याचं काय करतात?"

"गुंडाळून ठेवतो. आणखी काय करणार?"

"रोज?"

"आजोबांच्या काळापासून, रोज!"

"मग आज जरा लवकर गुंडाळू द्या."

राजाने दिवाणांकडे पाहिलं. दिवाणांना बसायची घाई होती. "गुंडाळण्याला घराण्यात मनाई नाही, महाराज!"

झुलेखाने अब्बांना हाक मारली. बापलेक पहिल्या गालिच्याच्या टोकाशी बसले आणि नेहमीच्या सवयीने गुंडाळू लागले. लोकरीत धूळ जाऊ नये म्हणून लोकर आत, पाठ बाहेर! वळकटी पुढे सरकत गेली तशी गालिच्याची पाठ वीत वीत करून सगळ्यांसमोर येऊ लागली.

"अगं, पाठ दिसतेय!" राजा ओरडला.

"रोजच दिसते, सरकार. गुंडाळलेल्या गालिच्याकडे दरबारात कोण बघतं?"

हिराशेठने कपाळावर हात मारून घेतला.

अर्ध्यावर झुलेखा थांबली. "सुरूच्या झाडाखालची ही छोटी विटकरी कळी बघा. पाठीमागेही ओळीने गाठी आहेत. बाकीच्या फुलांसारखीच विणलीय. आता दुसरा."

दुसरा गालिचा गुंडाळत त्याच झाडापाशी आला. तिथे पाठीवर गाठींच्या ओळी मध्येच तुटल्या होत्या, आणि त्या जागी सुईने आडवे-उभे धागे घातलेले होते, टोपलीच्या विणीसारखे.

"रफू!" हिराशेठ म्हणाला.

"हो. ही कळी नाहीच. इथे निखारा पडून भोक पडलं होतं. माझ्या अम्मीनं रफू केला. भोवतीसारखा लाल रंग मिळाला नाही, म्हणून विटकरी लोकर घातली. विणकरांना वाटलं कळीच आहे, त्यांनी इमानाने विणून टाकली! रफू केलेला हा अस्सल, आणि रफू विणलेली ती नक्कल!"

राजाने वाकून त्या धाग्यांवरून बोट फिरवलं. "सुंदर काम आहे. कुठे असते तुझी अम्मी?"

"गेली, सरकार." झुलेखाने वळकटीची दशी उगाच सारखी केली. "रफू राहिलाय."

राजाने रफूवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग त्याच्या भुवया वर चढल्या. "पण माझ्या गालिच्यावर निखारा पाडला कुणी?"

कासिम हात जोडून पुढे झाला, पण झुलेखानेच तोंड उघडलं.

"सांगते. पण ज्याने पाडला त्यालाही राज्य सोडावं लागेल का?"

"अर्थात!"

"मग फारच पंचाईत होईल. निखारा सरकारांच्याच हुक्क्यातला! सरकार शिकारीची गोष्ट सांगण्यात रंगले होते, म्हणून अब्बांनी मध्ये बोलणं बरं दिसणार नाही असं ठरवलं."

दिवाणजींना ठसका लागला. राजाने ओठ घट्ट मिटले, पण हसू मिशीतून बाहेर पडलंच. मग तो इतका हसला, की त्याला सिंहासनाचा आधार घेऊन बसावंच लागलं. सगळा दरबार धपाधप खाली बसला!

"कासिम कुठेही जाणार नाही," राजा डोळे पुसत म्हणाला. "आणि पोरी, या नकलेचं काय करायचं, तेही तूच सांग!"

"तिच्यावर बसून खुशाल हुक्का ओढा, सरकार! तिथे निखारा पडला, तर रफू आधीच विणून ठेवलेला आहे!"

राजाने हसत हसत हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि तिच्या ओंजळीत ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून दरबारच्या रफूचं सगळं काम झुलेखाच्या हाती आलं, अम्मीच्याच सुयांनिशी.