हजार घोट

"किती झाले?" नाना वैद्यांनी ओटीवर येत विचारलं.

"सातशे ब्याऐंशी," श्रीपती म्हणाला. खलातला बत्ता फिरतच होता. "शिवाय मधल्या मधे एक रोगीही उरकला. त्र्याऐंशी..."

नानांकडे रीतच होती. मात्रा घोटताना हजार घोट मोजायचे, मोजणी मोडली की पुन्हा एकपासून. बाकीचे शिष्य त्या वेळी तोंडाला कुलूप लावून बसत. श्रीपती मात्र घोटता घोटता रोगी बघायचा, आणि त्याचा त्याला केवढा तोरा!

"लक्ष कुठे होतं?"

"दोन्हीकडे."

"रोगी काय म्हणाला?"

"शब्द न् शब्द सांगतो. सगुणाबाई आल्या होत्या, सुनेसाठी. चार दिवस पोट साफ नाही, अन्नावर वासना नाही, सकाळी मळमळतं. जुलाबाची जालीम पुडी दिली. त्या काय, फाटकाशी चपला घालतायत."

नानांनी श्रीपतीच्या मनगटावर हात ठेवला.

बत्ता थांबला.

"अहो नाना, मोजणी..."

ओटीवर एकदम सामसूम झाली. फाटकाशी सगुणाबाई थबकल्या आणि मागे वळल्या.

"झालं का घोटून? मग एक सांगायचं राहिलंय बघा." पायरीपाशी येऊन त्यांनी आवाज खाली आणला. "सुनेला तिसरा महिना लागलाय. अजून घरात कुणाला बोलले नाही. मघाशीच सांगणार होते, पण म्हटलं, यांचा आकडा चुकायचा..."

त्या पुडीनं पोटातल्या जिवाचं काय झालं असतं, हे श्रीपतीला तोंडपाठ होतं. मळमळ, वासना नाही... आत्ताच तर त्यानं घडाघडा म्हणून दाखवलं होतं! आणि एक अक्षर ऐकलं नव्हतं.

त्यानं पुढे होऊन पुडी परत घेतली.

"मोजणी मोडली का रे बाळा, माझ्यापायी?" सगुणाबाई ओशाळून म्हणाल्या.

त्या ओशाळल्या! श्रीपतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान काही वर होईना.

"कितीवर होतास?" नानांनी विचारलं.

त्यानं आठवून पाहिलं...

"विसरलो, नाना."

"बरं झालं. आता बाईंना विचार, सून रात्री जेवली का."