डाव्या हाताचा घास

सन एकोणीसशे शहाऐंशी. फाल्गुनाचा पहिला पंधरवडा. पळस फुलला होता, पहाटेची थंडी अजून गेली नव्हती. अशा वेळी एकदा एक वृद्ध मार्गदर्शक सात माणसांना घेऊन डोंगरात निघाला.

ही माणसे सहलीला आली नव्हती. कुणाचा पाय अधू, कुणाची दृष्टी गेलेली, कुणाचे मन खचलेले. वृद्ध त्यांना पाच दिवस रानात चालवी. औषध एवढेच. वाट सर्वांना एकच, आणि चाल सर्वांत हळू चालणाऱ्याची. त्याच्याबरोबर एक शिष्य होता. मनाचे शास्त्र शिकून आलेला. हेच काम जन्मभर करायचे, असे त्याने ठरवले होते.

सातांत अनसूया नावाची बाई होती. तिची रसवंती होती. ऊस घालताना चरकात उजवा हात गेला. त्यानंतर दोनदा तिला विहिरीच्या काठावरून माघारी आणावे लागले. तिच्या भावाने तिला वृद्धाच्या स्वाधीन केले आणि, आता तुम्हीच बघा, एवढेच म्हणाला.

शिष्याने तिची सेवा मनापासून आरंभली. तिचे गाठोडे तो वाही. तिच्या बुटांच्या नाड्या तो बांधी. भाकरी मोडून, कालवून ताट तिच्यापुढे ठेवी. ती पाठ फिरवून जेवी. तो स्वतः मात्र कुणाचे काही घेत नसे. वाटेत सातांतल्याच एका आंधळ्या म्हाताऱ्याने गुळाचा खडा पुढे केला, तोही त्याने नम्रपणे नाकारला.

पहिल्या दिवशी अनसूया थोडे बोलली. दुसऱ्या दिवशी त्याहून कमी. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, मला खाली सोडा.

शिष्य गोंधळला. खाली गेली तर ही कुठे जाईल, हे त्याला ठाऊक होते. आपले कुठे चुकले ते मात्र कळेना. सेवा कमी पडली म्हणावी, तर आणखी करायचे राहिलेच काय होते? त्याने वृद्धाला विचारले. वृद्ध म्हणाला, दुपारी जेवून ठरवू.

दुपारी ओढ्याकाठी उंबराखाली सगळे बसले. वृद्धाने डोक्याचे मुंडासे सोडले, शिष्याला जवळ बोलावले आणि त्याचे दोन्ही हात पाठीमागे बांधले. शिष्याला आधी गंमत वाटली. मग गाठ आवळली गेली. वृद्धाने पिठले-भाकरीचे ताट अनसूयेपुढे सरकवले.

"याला जेवू घाल."

"बाबा, मला डावाच हात राहिलाय. डाव्या हातानं माणसाला घास भरवत नाहीत."

"मग राहील उपाशी. मी गाठ सोडणार नाही."

शिष्य ओशाळून म्हणाला की, मला भूकच नाही.

"याला भूक कधीच नसते," आंधळा म्हातारा म्हणाला. "गूळसुद्धा कडू लागतो याला."

 अनसूयेने भाकरी मोडली आणि घास उचलला. शिष्याची मान आपसूक दुसरीकडे वळली. का वळली, हे त्याचे त्यालाही कळले नाही. पण तिने ते पाहिले. हात वाटेतच थांबला.

तेव्हा वृद्ध शिष्याला म्हणाला, "आपल्याकडं शेजारणीचं भांडं कुणी रिकामं परत करत नाही. घरात काही नसलं, तर चिमूटभर साखर घालून देतात. तू तीन दिवस हिच्या दारात भरलं भांडं ठेवतोयस आणि उलट काही घ्यायला तयार नाहीस. कुठवर ठेवून घ्यायचं तिनं? हात चरकानं नेला. देणं तू नेलंस. तोंड उघड."

शिष्याने तोंड उघडले.

"आणखी उघडा, गुरुजी," अनसूया म्हणाली. "घास माझ्या मापाचा आहे. आणि नाडी एवढी करकचून बांधत जाऊ नका. तीन दिवस पायाची बोटं मेलीत माझी."

शिष्य ठसकला. मग निमूट जेवला. दोन भाकरी तिने त्याला भरवल्या, तांब्या तोंडाला लावून पाणी पाजले, पदराने त्याची हनुवटी पुसली. मुंडाशाची गाठ तिने दातांनी आणि डाव्या हाताने स्वतःच सोडली.

मग आपले गाठोडे खांद्यावर टाकले.

"फिटलं," ती म्हणाली आणि चढाच्या वाटेला लागली.