सतरावे वाक्य

एकदा एका तरुण शिक्षकाने मोठ्या शाळेतील नोकरीसाठी इंग्रजीत अर्ज लिहिला आणि तपासण्यासाठी आपल्या वृद्ध गुरुजींकडे ठेवला. अर्जात एकवीस वाक्ये होती. प्रत्येक 'मी'ने सुरू होई आणि सहाव्या शब्दाशी संपे. व्याकरणाची चूक एकही नव्हती, याचा त्याला भारी अभिमान.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अर्ज न्यायला आला. दुपारच्या टपालाने अर्ज गेला नाही, तर नोकरी हातची जाणार होती. गुरुजी ओसरीवर निवांत बसले होते.

"काय गुरुजी, बरं आहे ना?"

"मी पहाटे उठलो. मी अंगण झाडलं. मी फुलं काढली. मी बंब पेटवला. मी तुझा अर्ज त्यात घातला. मी आंघोळ केली. मी पूजा आटोपली. मी चहा घेतला."

"हं, हं," शिष्य अदबीने मान हलवत राहिला. म्हातारपणी माणूस असंच बोलायचा, असे मनाशी म्हणाला. "छान. मग माझा अर्ज देता ना?"

"सांगितलं की! बंबात घातला."

शिष्य धावत जाऊन बंबात डोकावून आला; आत राखच होती. (वाचकहो, तुमचेही लक्ष उडाले असेल तर लाजू नका. ही गोष्ट प्रथम ऐकताना मीही मान हलवली होती.)

"अहो, एवढी मोठी गोष्ट, आणि चहा घेतल्यासारखी सांगितलीत?"

"मग तू काय केलंस?" गुरुजी हसले. "तीन पावसाळे तू स्वतः नाव वल्हवून मुलांना शाळेत आणतो आहेस. ते कुठे, तर सतराव्या वाक्यात! अलीकडे तुझं टंकलेखन, पलीकडे तुझं सुंदर अक्षर. सगळी वाक्यं एका मापाची झाली, की वाचणारा मान हलवत पुढे जातो. कुठे थांबायचं, हे त्याला कोण सांगणार? एखादं वाक्य लांब जाऊ दे. एखाद्यात 'मी'ला मागे बसव. आणि मोठी गोष्ट आली, की चार शब्दांत सांग."

शिष्याने कागद ओढला आणि रागारागातच लिहायला घेतले. पहिले वाक्य नदीच्या पुरापासून निघाले आणि चौदा मुलांना नावेत घेऊन, भोवरा चुकवत, पैलतीर येईपर्यंत पूर्णविरामाला टेकलेच नाही. दुसरे इंग्रजीत चारच शब्दांचे झाले: एकही मूल बुडाले नाही.

गुरुजी वाचू लागले. दुसऱ्या वाक्याशी आले आणि तिथेच थांबले. पुढचा मजकूर वाचायचा आहे, याचे त्यांना भानच राहिले नाही.

"गुरुजी," शिष्य शेवटी ओरडला, "टपाल निघेल हो!"